लघु कार्यालयातील सर्व्हरची निवड (मुंबई)

पाच ते पंचवीस माणसांच्या कार्यालयात सामाईक फायली, हिशेब आणि बॅकअप यांसाठी चोवीस तास चालू ठेवलेला संगणक म्हणजे लघु कार्यालयीन सर्व्हर. मुंबईत तो दादरच्या सीएकडे, फोर्टमधल्या क्लिअरिंग एजंटकडे, गिरगावातल्या प्रकाशकाकडे किंवा परळच्या पतपेढीत सापडतो. पुष्कळ ठिकाणी तो नावापुरताच सर्व्हर असतो. टेबलाखाली सरकवलेला जुना डेस्कटॉप आणि त्यावर चिकटपट्टीने लावलेली ‘बंद करू नये’ ही चिठ्ठी, एवढाच त्याचा थाट.

खरेदी सहसा उलट्या टोकाने सुरू होते. आधी लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, दोन-तीन दुकानांतून भाव काढले जातात, यंत्र येते, आणि मग टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम त्यावर कसा चालवायचा हा प्रश्न निघतो. आधी प्रोग्राम, त्यावरून कार्यप्रणाली (विंडोज किंवा लिनक्स) आणि शेवटी यंत्र, असा क्रम ठेवला तर पैसे वाचतात.

टॅली विंडोजवर चालते. हिशेबाचा प्रोग्राम सर्व्हरवरच उघडून सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपापल्या संगणकावरून सर्व्हरचा पडदा उघडून, वापरायचा असेल, तर विंडोज सर्व्हरला पर्याय उरत नाही. त्याचा खर्च मात्र पहिल्या कोटेशनमध्ये पूर्ण दिसत नाही. स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि यंत्र कितीही लहान असले तरी किमान १६ कोअरचे पैसे भरावे लागतात. शिवाय प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक संगणकामागे सीएएल हा सर्व्हरशी जोडून घेण्याचा वेगळा परवाना लागतो, आणि रिमोट डेस्कटॉपसाठी आणखी एक. नुसत्या फायली वाटून घ्यायच्या असतील तर साधे विंडोज ११ प्रोही २० उपकरणांपर्यंत चालते. दहा माणसांच्या कार्यालयाला ते पुरते.

फक्त फायली सांभाळायच्या असतील तर लिनक्स आणि त्यावर सांबा (विंडोजच्या संगणकांना लिनक्सवरच्या फायली दाखवणारा प्रोग्राम) ही जोडी उत्तम, आणि परवान्याचा खर्च शून्य. उबंटू या लिनक्सची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी, आवृत्ती दर सम वर्षी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. डेबियन या दुसऱ्या लिनक्सचा पल्लाही एलटीएस धरून साधारण तेवढाच. दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार ती तारीख मात्र पुन्हा पुन्हा तपासावी. २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर ज्यांनी सेंटओएस ८ हे लिनक्स बसवले, त्यांना ते ३१ डिसेंबर २०२१ लाच सोडावे लागले. मराठी प्रकाशकांना एक शंका हमखास असते, की श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामात, त्याच्या खास फॉन्टमध्ये, टाइप केलेल्या जुन्या फायली लिनक्सवर बिघडतील का. बिघडत नाहीत. सर्व्हर फाइल नुसती सांभाळतो. फॉन्ट लागतो तो ती उघडणाऱ्याच्या संगणकावर.

याहून मोठी कसोटी माणसाची आहे. बिघाड झाल्यावर लोकल पकडून तासाभरात पोचेल अशा माणसाला जी कार्यप्रणाली येते, तीच त्या कार्यालयाला योग्य. बाकीची तुलना नंतर.

यंत्राच्या बाबतीत प्रोसेसरवर उगाच जास्त पैसे घातले जातात. पंधरा माणसांच्या फायलींसाठी चार कोअर आणि १६ जीबी मेमरी पुष्कळ झाली. उरलेले पैसे ईसीसी मेमरीत घालावेत. ती आपल्या चुका स्वतः दुरुस्त करते, पण साध्या डेस्कटॉप मदरबोर्डांवर बहुधा चालत नाही. डिस्क दोन घ्याव्यात आणि रेड-१ पद्धतीने एकीवर दुसरीची हुबेहूब नक्कल ठेवावी. त्या एसएमआर प्रकारच्या (माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, म्हणून लिहिताना मंदावणाऱ्या) नाहीत ना, हे दुकानातच विचारावे. रॅकचा, म्हणजे लोखंडी मांडणीत आडवा बसवायचा, सर्व्हर घेऊ नये. त्याचे पंखे जेमतेम दोनशे चौरस फुटांत बसलेल्या माणसांना बोलू देत नाहीत.

जागा हा मुंबईचा खास विषय. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झालेला २६ जुलै २००५ आठवला, तर तळमजल्यावर कोणी सर्व्हर जमिनीवर ठेवणार नाही. मग तो पोटमाळ्यावर चढतो. तिथे पाणी पोचत नाही, पण संध्याकाळी सातला एसी बंद झाला की गरम हवा तिथेच कोंडते, आणि बहुतेक सर्व्हर ३५ अंशांपर्यंतच्याच हवेसाठी बनवलेले असतात. माणसाच्या छातीइतक्या उंचीचा भिंतीवरचा उघडा कप्पा सर्वांत बरा. पावसाळ्यातल्या दमट, खाऱ्या हवेत मेमरीच्या सोनेरी टोकांवर मळ धरतो. यंत्र सुरू होताना नुसते बीप-बीप करू लागले की कारागीर मेमरी काढतो, खिशातला खोडरबर त्या टोकांवर फिरवतो, फुंकर मारून परत बसवतो, आणि बहुतेक वेळा यंत्र चालू होते. खोडरबराचे कण खाचेत राहणार नाहीत एवढी काळजी घ्यावी.

मुंबईची वीज सहसा जात नाही, म्हणूनच यूपीएसकडे, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर यंत्र चालवणाऱ्या उपकरणाकडे, दुर्लक्ष होते. १२ ऑक्टोबर २०२० ला शहरभर वीज गेली तेव्हा यूपीएस असूनही बॅटरी संपली की सर्व्हर बंद पडतो ही गोष्ट ध्यानात यायला हवी होती: यूपीएसचे काम कार्यालय चालू ठेवणे नव्हे, तर सर्व्हरला नीट बंद व्हायला दहा-पंधरा मिनिटे देणे. वीज गेल्याचे सर्व्हरला कळावे यासाठी दोघांना जोडणारी यूएसबी केबल लावावी लागते. ती बहुधा खोक्यातच राहते. जुन्या पागडीच्या इमारतींत अर्थिंग आधी तपासून घ्यावे. विजेचा हिशेबही करावा: सरासरी १०० वॉट घेणारे यंत्र वर्षाला ८७६ युनिट खाते.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांना २०२२ पासून भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअप ठेवणे नियमाने बंधनकारक आहे. लहान कार्यालयांत रूढ असलेली पद्धत साधी: शुक्रवारी मालक एक बाहेरची डिस्क डब्याच्या पिशवीतून घरी नेतो आणि सोमवारी दुसरी आणतो. डोंबिवली फास्टमध्ये पिशवी विसरली तरी अशिलांची कागदपत्रे उघडी पडू नयेत म्हणून ही डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, असावी लागते. तशी ती असतेही कधीकधी. पासवर्ड डिस्कच्याच कव्हरवर बॉलपेनने लिहिलेला असतो.