युरोमैदान

युक्रेनची राजधानी कीव्ह येथील स्वातंत्र्य चौकात नोव्हेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या काळात झालेले जनआंदोलन. चौकाचे युक्रेनी नाव ‘मैदान नेझालेझ्नोस्ती’. त्यातला ‘मैदान’ आपल्याही ओळखीचा. अरबी-फारसीतला हा शब्द तुर्कांमार्फत तिकडे पोहोचला. मुंबईच्या आझाद मैदानाचे युक्रेनी भाषांतर केले, तर जवळपास हेच नाव हाती येईल.

ठिणगी पडली ती एका व्यापारी करारावरून. युरोपीय संघाशी सहयोग करार करायचा, की रशियाच्या सीमाशुल्क संघात जायचे, हा पेच होता. २०१३ च्या उन्हाळ्यात रशियाने रोशेन कंपनीच्या चॉकलेटवर बंदी घातली आणि युक्रेनचा माल सीमेवर अडवून धरला. २१ नोव्हेंबरला, करारावर सह्या व्हायला आठवडा उरला असताना, युक्रेन सरकारने तयारी थांबवली. त्याच संध्याकाळी पत्रकार मुस्तफा नय्येम यांनी फेसबुकवरून लोकांना चौकात बोलावले. येताना छत्री, चहा, कॉफी आणा, असेही सुचवले. डिसेंबरात रशियाने १५ अब्ज डॉलरचे कर्ज आणि स्वस्त वायू देऊ केला. युरोपकडे इतकी रोकड मोजण्याची तयारी नव्हती.

देश दुभंगलेला होता, हे खरे. २०१० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हिक्टर यानुकोविच जेमतेम साडेतीन टक्क्यांनी जिंकले. पूर्व आणि दक्षिण त्यांच्यामागे, पश्चिम आणि मध्य विरोधात. मात्र ‘रशियन बोलणारा तो रशियावादी’ हे समीकरण नकाशावर जितके सोपे दिसते, तितके चौकात टिकत नव्हते. तिथे रशियनही सर्रास कानावर पडे. नय्येम स्वतः काबूलमध्ये जन्मलेले, तर जानेवारीत गोळीला बळी पडलेला सेर्ही निगोयान आर्मेनियन कुटुंबातला.

आंदोलनाचे रूप पालटले ते ३० नोव्हेंबरच्या पहाटे. नववर्षाचे झाड उभारायचे आहे, असे कारण देऊन ‘बेर्कुत’ या विशेष पोलीस दलाने चौकात उरलेल्या तरुणांना झोडपून काढले. पळालेल्यांपैकी अनेकांनी सेंट मायकेल मठात आसरा घेतला. दुसऱ्या दिवशी लाखोंचा लोंढा रस्त्यावर आला. आता युरोप मागे पडला. पोरांना मारले, हा राग पुढे आला. झाडाचा लोखंडी सांगाडा अर्धवटच राहिला आणि त्यावर झेंडे, फलक चढले. १६ जानेवारीला संसदेने निदर्शनांत हेल्मेट घालण्यावर बंदी आणणारे कायदे केले, तेव्हा लोक डोक्यावर पातेली आणि चाळण्या घालून आले.

चेष्टेचे दिवस तिथेच संपले. १८ ते २० फेब्रुवारीच्या गोळीबारात, मुख्यतः इन्स्तितुत्स्का रस्त्यावर, डझनावारी निदर्शक पडले, पोलीसही मेले. संपूर्ण आंदोलनातील सुमारे शंभर मृतांना युक्रेनमध्ये ‘नेबेस्ना सोत्न्या’, म्हणजे ‘स्वर्गीय शतक’, म्हणतात; ‘सोत्न्या’ म्हणजे शंभरांची तुकडी, हा कोसॅक योद्ध्यांचा जुना शब्द. जर्मनी, पोलंड आणि फ्रान्सच्या मध्यस्थीने २१ तारखेला समझोता झाला, पण त्याच रात्री यानुकोविच यांनी कीव्ह सोडले. दुसऱ्या दिवशी संसदेने ३२८ मतांनी त्यांना पदच्युत केले. रशियाने याला बंड ठरवले. संसदेची ही कृती राज्यघटनेतील महाभियोगाच्या पद्धतीबरहुकूम नव्हती, या आक्षेपात तथ्यही होते. म्हणून पुढे जे घडले ते समर्थनीय ठरत नाही: मार्चमध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला आणि एप्रिलमध्ये पूर्वेकडील दोन्बास भागात युद्ध पेटले.

मे महिन्यात राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले पेट्रो पोरोशेंको, म्हणजे त्याच रोशेन चॉकलेटचे मालक. २७ जून २०१४ रोजी ब्रसेल्समध्ये त्यांनी अडलेल्या कराराच्या उरलेल्या भागावर सही केली. हातातल्या पेनावर आधीच्या, हुकलेल्या समारंभाचे ठिकाण आणि तारीख कोरलेली होती: व्हिल्नियस, २९ नोव्हेंबर २०१३.