गजकर्णावरचा टाकळा आणि गोवा पावडर

गजकर्ण म्हणजेच नायटा, बुरशीमुळे होणारा त्वचारोग. मुंबईत पावसाळ्यात ओले कपडे, घाम आणि लोकलची गर्दी, जांघेत नाहीतर कमरेला हमखास उठतो. त्यावरचं जुनं घरगुती औषध म्हणजे टाकळा (सेना टोरा), संस्कृतात चक्रमर्द किंवा दद्रुघ्न. कोवळ्या पाल्याच्या जुड्या पावसाळ्यात भाजीसाठी बाजारात येतात, औषधाला मात्र बहुधा बिया घेतात, लिंबाच्या रसात नाहीतर आंबट ताकात वाटून लावतात.

१९व्या शतकात मुंबईत याच रोगावर गोवा पावडर नावाची पिवळट-तपकिरी भुकटी चालायची आणि ती मूळची कुठली यावर बराच घोळ होता. १८७५च्या सुमारास ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर सिल्वा लिमा यांनी ही तर तिथलीच अरारोबा असं दाखवलं, म्हणजे तिथल्या एका झाडाच्या खोडातल्या भेगांत साठणारी भुकटी. पोर्तुगीजांच्या हातून गोव्यात आणि मग मुंबईत आली असावी, हेच जास्त पटतं. त्याच सुमारास इंग्रज रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅटफील्ड यांनी तिच्यात क्रायसोफॅनिक अ‍ॅसिड असल्याचं सांगितलं, पण १८७८ मध्ये लीबरमान आणि सायडलर या रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळंच द्रव्य आहे असं दाखवलं, तेच क्रायसारोबिन. त्यातला मुख्य घटक क्रायसोफॅनॉल अँथ्रोन, आणि १९७५ मध्ये टाकळ्याच्या बियांतलं मुख्य बुरशीनाशक द्रव्य म्हणून नोंदलं गेलं तेही हेच! दोन खंडांतल्या दोन झाडांत एकच रेणू, ही खरंच नवलाची गोष्ट आहे. हा अँथ्रोन हवेत लवकर ऑक्सिडाइझ होतो, म्हणून लिंबाच्या रसातलं व्हिटॅमिन सी त्याला टिकवत असेल असं वाटतं, पण हा तर्कच. पहिल्या महायुद्धात क्रायसारोबिन मिळेना म्हणून जर्मनीत त्याच्याशी मिळतंजुळतं डिथ्रॅनॉल बनवलं, ते सोरायसिस या त्वचारोगावर अजून वापरतात.

टाकळा बुरशीवर चालतो याचा पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतल्या बशीतला आहे, पेशंटवरच्या नीट चाचण्या फार कमी. कडुनिंब आणि हळदीचंही तेच. टाकळ्याच्याच जातकुळीतलं दादमर्दन (सेना अलाटा) मात्र फिलिपिन्समध्ये बुरशीवरचं औषध म्हणून सरकारमान्य आहे.

आता भारतात पसरलेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी (हे नाव २०२०चं) बऱ्याचदा टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधालाही दाद देत नाही, आणि केमिस्टकडून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमने खाज थांबते पण चट्टे पसरतात. अशा चट्ट्यांवर नुसत्या टाकळ्याच्या भरवशावर राहू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. क्रायसारोबिनने कातडीची जळजळ होते, कपड्यांवर डाग पडतात आणि डोळ्यात गेलं तर डोळे चांगलेच सुजतात.