पणत्यांच्या रात्री ग्रीडवर काय घडलं?

५ एप्रिल २०२०, रविवार. कोरोनाची टाळेबंदी सुरू होती आणि पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री ९ वाजता ९ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. आपण गॅलरीतून पणत्या पाहत होतो, तेव्हा ग्रीडवर, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर, मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणाऱ्या भार प्रेषण केंद्रांत अभियंत्यांची नजर एकाच आकड्यावर खिळली होती: ५० हर्ट्झ. ही विजेची वारंवारता, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तनं.

वीज तयार होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. मागणी एकदम घटली, की जनित्रं जास्त वेगानं फिरू लागतात आणि वारंवारता ५० च्या वर चढते. फारच चढली तर वीजनिर्मितीचे संच आपला बचाव म्हणून ग्रीडपासून सुटे होतात, आणि मग अंधार.

अंदाज होता १२-१३ हजार मेगावॅटच्या घटीचा. फक्त दिवे बंद करा, पंखे आणि फ्रिज चालू राहू द्या, असं सरकारनं बजावलंही होतं. पण आपल्याकडे एखादी गोष्ट करायची म्हटली की लोक ती हात राखून करत नाहीत. पावणेनऊ ते ९ वाजून १० मिनिटं एवढ्या वेळात मागणी १ लाख १७ हजार मेगावॅटवरून ८६ हजारांच्या खाली आली. ३१ हजार मेगावॅटची घट! तरी वारंवारता ४९.७० आणि ५०.२६ च्या मध्येच राहिली.

तारलं ते पाण्यानं. टर्बाइनकडे जाणारं पाणी रोखलं की जलविद्युत संच काही मिनिटांत उतरतो आणि तितक्याच चपळाईनं पुन्हा चढतो. त्या २५ मिनिटांत देशातली जलविद्युत साडेपंचवीस हजार मेगावॅटवरून ८ हजारांवर आणली गेली आणि दिवे लागताच परत वाढवली. कोळशाच्या बॉयलरला असली घाई सोसत नाही. शिवाय क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांच्या खाली तो चालवणंही कठीण.

टाळेबंदीतला तो पूर्ण एप्रिल म्हणजे याच परीक्षेचा लांबलेला पेपर होता. कारखाने बंद, त्यामुळे विजेची मागणी आदल्या वर्षीपेक्षा जवळपास पाव हिश्शानं कमी. मग कोणाचे संच थांबवायचे? जिथे युनिटमागे इंधनाचा खर्च जास्त, ते आधी. ऊन आणि वारा फुकट, त्यातून त्यांना ‘मस्ट रन’चा दर्जा, म्हणजे त्यांची वीज शक्यतो थांबवायची नाही. साहजिकच कपातीचा भार कोळशावर पडला आणि सौर-पवन विजेचा वाटा आपोआप वाढला. दिल्लीत तर हवा इतकी निवळली, की मार्चअखेर सौर पॅनलपर्यंत नेहमीपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त ऊन पोहोचलं.

फोटो काढायला हे छान होतं, पण वीज वितरण कंपन्यांची तिजोरी आटत होती. उद्योगांच्या चढ्या दरांतून शेतीच्या स्वस्त विजेची भरपाई होते, आणि नेमके उद्योगच बंद होते. केंद्राला मे महिन्यात ९० हजार कोटींची कर्जयोजना आणावी लागली. सौर प्रकल्पांचे मजूर गावी गेले, चीनमधून येणारे पॅनल अडकले. त्यामुळे प्रकल्पांना ५ महिन्यांची मुदतवाढ मिळाली. तरीही त्याच डिसेंबरात गुजरातच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. साथीनं बांधकाम रोखलं, पण सौर विजेचं स्वस्त होत जाणं काही थांबलं नाही.

हवेतल्या कार्बनचं म्हणाल, तर २०२० मध्ये ऊर्जेपोटी होणारं जगाचं उत्सर्जन ५ टक्क्यांच्या आसपास घटलं आणि २०२१ मध्ये सगळं भरून काढून नव्या उच्चांकावर गेलं. कोळसा कुठे गेलाच नव्हता. उलट ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या औष्णिक केंद्रांकडे सरासरी चारेक दिवसांचाच साठा उरला, तेव्हा सगळ्यांना त्याचीच आठवण झाली.

म्हणून मला स्वच्छ आकाशाच्या फोटोंपेक्षा त्या २५ मिनिटांतलं पाणी मोलाचं वाटतं. ऊन ढगाआड जातं, वारा पडतो. ती उणीव क्षणात भरून काढणारं कोणीतरी लागतं. सह्याद्रीतल्या घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून हेच करतो. वीज उरली की खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, गरज पडली की ते खाली सोडून वीज घ्यायची. वीज उरते ती रात्री, या हिशेबानं तो आखला होता. सौर पॅनल वाढतील तशी ती भर दुपारी उरू लागेल.