मतदारयादीतून नावे वगळणे (अमेरिका)

मृत, दुसरीकडे राहायला गेलेल्या, दुबार नोंदलेल्या किंवा कायद्याने मताधिकार गमावलेल्या व्यक्तींची नावे राज्याच्या मतदारयादीतून काढण्याची अमेरिकेतील प्रक्रिया. सरकारी कागदांत तिला ‘यादीची देखभाल’ म्हणतात, तर विरोधक ‘पर्ज’ म्हणजे सफाया म्हणतात. शब्दावरूनच बोलणाऱ्याची बाजू बहुधा कळते.

अमेरिकेत देशाची अशी एक मतदारयादी नाही. याद्या राज्यांच्या आणि रोजचे काम बहुतेक ठिकाणी काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) किंवा गावाच्या कचेरीचे. नॉर्थ डकोटात तर मतदारनोंदणीच नाही. आपल्याकडच्या बीएलओसारखे दारात येऊन ‘हे इथेच राहतात ना?’ विचारणारे तिथे सहसा कोणी नसते. माणूस नव्या गावी नाव नोंदवतो, पण जुन्या गावातले नाव काढायला सांगणे कुणाच्या लक्षात राहत नाही. याद्या फुगतात त्या अशा. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१२ च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे २.४ कोटी नोंदी अवैध किंवा बऱ्याच अंशी चुकीच्या होत्या. सुमारे १८ लाख नावे मृतांची होती आणि साधारण २७.५ लाख लोक एकाहून अधिक राज्यांच्या याद्यांत होते. यादीत मृताचे नाव असणे वेगळे आणि त्याच्या नावावर मत पडणे वेगळे. प्रचारसभांत हा फरक सोयीने गळतो.

नावे काढण्याचे मुख्य नियम १९९३ च्या राष्ट्रीय मतदारनोंदणी कायद्यात आहेत. वाहन परवान्याच्या कचेरीतच नोंदणीची सोय केल्याने तो ‘मोटर व्होटर’ म्हणून ओळखला जातो. मतदाराने स्वतः मागणी केली, तो मरण पावला, किंवा राज्याच्या कायद्यानुसार गुन्ह्यातील शिक्षेमुळे वा मानसिक अक्षमतेमुळे अपात्र ठरला, तर नाव काढता येते. पत्ता बदलल्याचा नुसता संशय असेल, तर टपालखर्च आधीच भरलेले उत्तराचे जोडकार्ड पाठवून वाट पाहावी लागते. कार्ड परत आले नाही आणि पुढच्या दोन सार्वत्रिक संघीय निवडणुकांत त्या व्यक्तीने मतही दिले नाही, तर नाव जाते. संघीय निवडणुकीच्या आधीच्या ९० दिवसांत सरसकट छाटणीची मोहीम चालवता येत नाही. केवळ मत दिले नाही म्हणून कुणाचे नाव काढू नये, असेही हा कायदा सांगतो.

ओहायोचा वाद याच वाक्यावरून पेटला. तिथे दोन वर्षे मतदान केले नाही, की कार्ड निघे. एक माजी नौसैनिक २०१५ मध्ये मतदानाला गेला, तेव्हा यादीत नाव नव्हते. पत्ता बदललेला नव्हता. मधल्या काही निवडणुकांना तो गेला नव्हता, एवढेच. ११ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी राज्याची पद्धत ग्राह्य धरली: नाव जाण्याचे कारण केवळ मतदान न करणे हे नाही, कार्डाला उत्तर न देणे हेही आहे, असे न्यायमूर्ती अ‍ॅलिटो यांनी लिहिले. विरोधी मत देताना न्यायमूर्ती ब्रायर यांनी आकडे मांडले. २०१२ मध्ये ओहायोने सुमारे १५ लाख कार्डे पाठवली. ‘घर बदलले’ असे सुमारे २ लाख ३५ हजारांनी कळवले, ‘बदलले नाही’ असे सुमारे ६० हजारांनी. दहा लाखांहून अधिक कार्डांचे उत्तरच आले नाही. खरा प्रश्न या दहा लाखांचा आहे. जाहिरातींच्या गठ्ठ्यातून केराच्या टोपलीत गेलेले कार्ड हा घर सोडल्याचा पुरावा कसा मानायचा?

दुसरी अडचण नावे जुळवण्याची. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी फ्लोरिडाने गुन्हेगारांची यादी मतदारयादीशी ताडून पाहिली, तेव्हा आडनावातली ८० टक्के अक्षरे जुळली तरी चालत असे. निर्दोष माणसे, त्यांतही कृष्णवर्णीय, त्यात अडकली. त्या वर्षी राज्याचा अधिकृत निकाल ५३७ मतांनी लागला. २०१९ च्या जानेवारीत टेक्सासने सुमारे ९५ हजार मतदारांच्या नागरिकत्वावर शंका घेतली. आधार होता वाहन परवान्याच्या जुन्या नोंदींचा. व्हिसावर असताना परवाना काढायचा आणि पुढे नागरिक झाल्यावर मतदार व्हायचे, हा तिथल्या स्थलांतरितांचा, त्यांत मराठी घरांचाही, नेहमीचा क्रम. परवान्याच्या दफ्तरात मात्र तो माणूस परदेशीच राहतो. काही दिवसांतच हजारो नावे चुकीची निघाली आणि एप्रिलमध्ये राज्याने मोहीम मागे घेतली.

नाव गळालेल्याला केंद्रावर तात्पुरती मतपत्रिका मिळते, पण ती मोजायची की नाही हे पडताळणीनंतर ठरते. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांत मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नोंदणी होते, म्हणून १९९३ च्या कायद्यातून त्यांना सूट आहे. तिथे नाव गेलेला माणूस पत्त्याचा पुरावा दाखवून त्याच दिवशी पुन्हा मतदार होतो. ओहायोत नोंदणी ३० दिवस आधीच बंद होते.