नोटेचं नाव नव्हे, अंतर वाचा

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर टिपक्यांनी स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत, घरच्या घरी शिकवणारी बहुतेक पुस्तकं सुरुवातीलाच रेषांची नावं पाठ करायला लावतात. ट्रेबल क्लेफच्या (उंच स्वरांसाठी ओळीच्या सुरुवातीला काढतात त्या वेटोळ्या खुणेच्या) पाच रेषा खालून वर ई, जी, बी, डी, एफ. मधल्या चार जागा एफ, ए, सी, ई. आठवड्याभरात हे पाठ होतं. मग पहिली सलग धून समोर येते आणि हात अडखळतात. ‘मला संगीताचं अंगच नाही’ म्हणून पुस्तक मिटलं जातं ते इथेच. वास्तविक चुकलेली असते ती वाचायची पद्धत.

हिशेब करून बघा. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर लावला, तर एका ठोक्याला पाऊण सेकंद मिळतो आणि अर्ध्या ठोक्याच्या नोटेला ०.३७५ सेकंद. एवढ्या वेळात टिपका कितव्या रेषेवर आहे ते पाहायचं, ‘ई, जी, बी, डी’ मोजत नाव काढायचं, त्या नावाची पियानोची पट्टी शोधायची आणि बोट ठेवायचं! नाव हा मधला थांबा आहे आणि सगळा वेळ तिथेच जातो.

तयार वादक हा थांबा घेतच नाहीत. मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वादक अनोळखी रचना वाचून वाजवत असताना मध्येच स्वरलिपी नजरेआड करायची आणि पुढचे किती स्वर तो बरोबर वाजवतो ते मोजायचं. चांगले वाचणारे सुमारे सात स्वर पुढे गेले, कच्चे वाचणारे तीन-चार. म्हणजे वाजवताना डोळा हाताच्या बराच पुढे असतो. आता, डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतो तो साधारण दोन अंशांचा भाग. ६० सेंटिमीटरवरच्या पानावर जेमतेम दोन सेंटिमीटर. तिथे नजर सुमारे पाव सेकंद टेकते आणि पुढे उडी मारते. तेवढ्यात सात नावं कुणीच वाचत नाही. वाचला जातो तो आकार: तीन पायऱ्या चढ, एक उडी, मग उतार.

हा आकार वाचायची किल्ली पाच रेषांतच दडलेली आहे. टिपका रेषेवरून लगतच्या जागेत गेला की एक पायरी. रेषेवरून लगतच्या रेषेवर, किंवा जागेतून लगतच्या जागेत, गेला की मधला एक स्वर गाळून तिसरा स्वर. तिसरं, पाचवं, सातवं ही विषम अंतरं नेहमी रेषा-रेषा किंवा जागा-जागा अशी पडतात. दुसरं, चौथं, सहावं, आठवं ही सम अंतरं रेषा-जागा अशी. एवढा एक नियम अंगवळणी पडला की नावं मोजायची गरज झपाट्याने कमी होते.

मात्र पाच रेषांच्या या आलेखाची उभी मोजपट्टी एकसारखी नाही, आणि पुष्कळ पुस्तकं हे एका ओळीत उरकतात. ई ते एफ आणि बी ते सी ही अंतरं एका अर्धस्वराची आहेत, बाकीच्या शेजारी स्वरांमधली दोन अर्धस्वरांची. समसमान बारा भागांच्या सप्तकात एक अर्धस्वर चढला की कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पट होते. कागदावर मात्र दोन्ही पायऱ्या सारख्याच दिसतात. म्हणून सी-ई हे तिसरं अंतर चार अर्धस्वरांचं, तर डी-एफ तीनच अर्धस्वरांचं. पियानोवर हे जाणवत नाही, कारण पांढऱ्या पट्ट्याही तशाच असमान मांडलेल्या असतात: एक पायरी म्हणजे पुढची पांढरी पट्टी. गिटारवर प्रत्येक घर (फ्रेट) एका अर्धस्वराचं. त्यामुळे एकाच तारेवर ई ते एफ एक घर, पण एफ ते जी दोन घरं. शिवाय ओळीच्या सुरुवातीला एफ शार्पची (एफ एक अर्धस्वर चढवण्याची) खूण असेल तर हा हिशेब उलटतो: ई ते एफ शार्प दोन घरं आणि तिथून जी एक. गिटारवाल्यांचा गोंधळ होतो तो बहुतेकदा इथे.

सरावाला तीन खुंट पुरेत: पाच रेषांखालच्या छोट्या जादा रेषेवरचा मधला सी, क्लेफचं वेटोळं ज्या दुसऱ्या रेषेभोवती फिरतं तो जी, आणि तिसऱ्या जागेतला वरचा सी. कुठलाही टिपका दिसला की जवळच्या खुंटापासून अंतर मोजा. नोटांखाली पेन्सिलीने नावं लिहू नका. नजर अक्षरांवर जाते आणि रेषा कोऱ्याच राहतात. बोटांचे आकडे प्रत्येक नोटेवर छापलेले असतील तर कागदाची पट्टी ठेवून झाका, नाहीतर वाचले जातात ते आकडेच.

‘सात दिवसांत वाचायला शिका’ किंवा ‘संगीताने बुद्ध्यांक वाढवा’ या जाहिरातींवर विसंबू नका. ज्या १९९३ च्या मोझार्ट-प्रयोगाच्या आधारे हा गाजावाजा झाला, त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोझार्टचं संगीत फक्त ऐकलं होतं, आणि आकृत्यांच्या कोड्यांत दिसलेली सुधारणा १०-१५ मिनिटंच टिकली होती. वाचनाशी त्याचा संबंध नाही.

रोज १० मिनिटं, आणि रोज नवी चार ओळींची धून. तीच धून चौथ्यांदा वाजवताना ती पाठ झालेली असते. डोळे पानावर असतात, वाचन थांबलेलं असतं. ओळखायला सोपं आहे: शेवटून दुसऱ्या बारवर (उभ्या रेषांनी पाडलेल्या भागावर) बोट ठेवा आणि तिथूनच सुरू करा. जमलं नाही, तर ती धून वाचलेली नव्हती. वेग मिनिटाला ५० ठोके ठेवा, चूक झाली तरी मागे वळू नका. मागे वळणारा डोळा हाताच्या पुढे जाऊ शकत नाही. तरीही अडखळलात तर ४० वर या.