भाडेपट्ट्यावरचं रान: अमेरिकेतल्या खासगी जमिनी आणि अधिवासाचा निधी

अमेरिकेत वन्यजीवांसाठीचा पैसा आधी शिकाऱ्यांच्या खिशातून आला. 1934 चा डक स्टॅम्प, म्हणजे बदकांसारख्या पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी घ्यावं लागणारं तिकीट, तेव्हा किंमत 1 डॉलर. मग 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा अबकारी कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. खासगी शेतात मोठा पैसा पोहोचला तो मात्र आडवाटेने, धान्य उदंड झालं म्हणून. 1956 च्या ‘सॉइल बँके’ने जमीन पडीक ठेवायला पैसे दिले. गवत वाढलं, फेझंट पक्षी वाढले. करार संपले, सत्तरच्या दशकात धान्याला भाव आला, आणि तीच रानं पुन्हा नांगराखाली गेली.

1985 चा ‘कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’ त्याच वळणाचा: 10 ते 15 वर्षांचा करार, दरवर्षी एकरी भाडं, शिवाय गवत लावण्याचा निम्म्यापर्यंत खर्च. सुरुवातीला अनेकांनी स्वस्त, लवकर धरणारं ब्रोमसारखं परदेशी गवत पेरलं. धूप थांबली, पण काही वर्षांत त्याचा इतका दाट गालिचा झाला की बॉबव्हाइट लाव्याच्या पिलांना खालून पळायला मोकळी जमीन उरली नाही. मुदतीच्या मध्यावर गवत जाळणं किंवा वरवर कुळवणं, तेही विणीचा हंगाम टाळून, ही अट पुढे आली ती यातूनच. 2007 मध्ये योजनेत सुमारे 3.7 कोटी एकर होते; मका महागला आणि दहा वर्षांत कोटीहून जास्त एकर बाहेर पडले. भाडं बाजारभावाच्या मागे राहिलं की हे व्हायचंच.

1990 च्या पाणथळ योजनेने (2014 पासून ती एका मोठ्या योजनेत सामावली आहे) म्हणून वेगळी वाट धरली: जमीन मालकाचीच, पण तिथे पीक घेण्याचा हक्क सरकार विकत घेतं, 30 वर्षांसाठी किंवा कायमचा, आणि बंधन दस्तात नोंदतं. कायमच्या करारात पुनरुज्जीवनाचा 75 ते 100 टक्के खर्च मिळतो, 30 वर्षांच्या करारात 50 ते 75. इथली खरी मेख जमिनीखाली असते. शेत कोरडं ठेवायला पुरलेल्या निचऱ्याच्या जुन्या नळ्या शोधून त्यांचा तुकडा उखडायचा, तोंड बुजवायचं, चर भरायचा. एखादी नळी नजरेतून सुटली, तर वर कितीही चांगला बांध घाला, पाणी टिकत नाही.

1987 पासून चालणारा ‘पार्टनर्स फॉर फिश अँड वाइल्डलाइफ’ हा खासगी जमिनीवरचा अधिवास सुधारायला मदत करणारा सरकारी कार्यक्रम (2006 मध्ये त्याला स्वतंत्र कायदा मिळाला) छोट्या कामांना बरा. करार साधारण किमान 10 वर्षांचा, सोबत तांत्रिक मदत. सही होण्याआधी जेसीबी लावला, तर तो खर्च मालकाच्याच अंगावर पडण्याची शक्यता जास्त.