नवतप्यातली बॅटरी आणि 800 चक्रं

युरोपीय संघात 20 जून 2025 पासून बाजारात येणाऱ्या नव्या स्मार्टफोन-टॅबलेटवर ऊर्जा लेबल बंधनकारक आहे. आपल्या फ्रिजवर तारे असतात, तिथे ए ते जी अक्षरं. त्यातला सगळ्यांत कामाचा आकडा बॅटरीच्या चक्रांचा: क्षमता 80 टक्क्यांवर येईपर्यंत किती चक्रं? किमान 800 हवीत. आज 60 टक्के वापरली, उद्या 40, की एक चक्र झालं.

पण ही चाचणी प्रयोगशाळेत, खोलीच्या तापमानाला होते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि फोनच्या बॅटरीतला लिथियम सेल चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादाच 45 अंश आहे. टिनाखालच्या खोलीत 800 चा भरवसा धरू नये.

कारण सेलच्या आत आहे. ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. पहिल्याच चार्जिंगला विद्युत-द्रावणाचा, म्हणजे सेलमधल्या द्रवाचा, थोडा भाग विघटित होऊन त्यावर काही नॅनोमीटरचा थर बसतो. हा थर हवाच. तो लिथियमच्या आयनांना (विद्युतभारित कणांना) वाट देतो, इलेक्ट्रॉन अडवतो आणि पुढचं विघटन रोखतो. मात्र चार्ज होताना ग्रॅफाइट सुमारे 10 टक्के फुगतं, उतरताना आकसतं. थराला भेगा पडतात, उघड्या पडलेल्या ग्रॅफाइटवर नवा थर चढतो आणि दर वेळी थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. क्षमता घटते ती अशी. थर जाडावला की अंतर्गत रोधही वाढतो, म्हणून जुना फोन 20 टक्के दाखवत असतानाच बंद पडतो.

उष्णतेने ही क्रिया वेग घेते, आणि काठोकाठ भरलेल्या सेलमध्ये आणखी. 40 अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या सेलची क्षमता ढोबळमानाने 65 टक्के उरते, 40 टक्केच भरून ठेवला तर 85. फोन नुसता पडून असला तरी हे घडतं.

म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा, कव्हर काढून. सेटिंगमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा असेल तर लावा. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर, टिनावर फोन ठेवू नका. तापलेला फोन फ्रिजमध्ये तर मुळीच नको, आत पाणी धरतं. नवा फोन आधी आठ तास चार्ज करायचा, हा समज जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियमला त्याचा काहीही उपयोग नाही. बॅटरी थंड ठेवणारे स्टिकरही निव्वळ फसवणूक.

मागचं झाकण उचललं गेलं असेल तर आत वायू साचलाय. चार्जिंग तिथेच थांबवा, दाबू-टोचू नका, बॅटरी बदलून घ्या.